मामांचं चांगलं कोलेस्टेरॉल

रक्त काढून झालं. लॅबमधल्या मुलीने कोपराच्या आत कापूस दाबला आणि स्पिरिटचा झोंबरा वास नाकात गेला. त्या वासासरशी मिरजेचे मामा आठवले. संध्याकाळी ते दारातून आत आले की वेलदोड्याच्या आडून असाच वास यायचा.

त्यांच्या हातातला तो रिपोर्ट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. एचडीएलच्या ओळीवर बोट ठेवून मामा म्हणाले होते, "बघ गं, चांगलं कोलेस्टेरॉल केवढं आहे! थोडी घेतलेली अंगी लागते." त्या ओळीवर माझा अजून राग आहे. दारूने एचडीएल वाढतं हे खरं, पण तेवढ्याने हृदयाला संरक्षण मिळतं असं नाही. एचडीएल वाढवणाऱ्या औषधांच्या मोठ्या चाचण्या बहुतेक फसल्याच. शिवाय त्याच कागदावर ट्रायग्लिसराइड 400 च्या पुढे होतं. यकृत दारू निपटण्यात गुंतलं की चरबी जाळायची राहते, उलट जास्त तयार होऊन रक्तात उतरते. ती इतकी वाढली की एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, नेहमीचा हिशेबच चालत नाही. म्हणून एलडीएलपुढची जागा रिकामी होती. तिकडे मामांनी बोट नेलं नाही.

खाली यकृताच्या चाचण्यांत एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त होतं. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराकडे इटलीच्या फर्नांडो डी रिटिस यांनी 1957 मध्ये लक्ष वेधलं. ते कावीळ अभ्यासत होते. दारूच्या यकृतविकाराची ही खूण पुढे इतरांनी पक्की केली. मिरजेतल्या आमच्या घरात तो आकडा वाचणारं कुणी नव्हतं.

आपल्याकडे महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून आहे. एके काळी प्रकृतीच्या कारणावरून पिण्याचा परवाना मिळायचा. दारूला औषधाचा मान देण्याची सवय मामांच्याही आधीची.

तपासणी ठरली की मामा दारू बंद करायचे. मामी हरखून जायची, गोडाचं करायची. जीजीटी हा यकृताचा आकडा दारूने चढतो आणि सोडली की दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतो. कागद सुधारायचा, मामा पुन्हा सुरू करायचे. मामीचा तो आनंद आठवला की मला आजही तिला जवळ घ्यावंसं वाटतं. "अहो, आता असंच ठेवा हं," एवढंच ती म्हणायची.

शेवटच्या वर्षी एकूण कोलेस्टेरॉल खूप उतरलं. मामीने देवापुढे साखर ठेवली. पण रक्तातलं कोलेस्टेरॉल मुख्यतः यकृतातूनच येतं. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत निबर झालं की, त्याची ताकदच संपते, म्हणून तो आकडा पडतो. एसजीपीटीही तेव्हा नॉर्मल दिसू शकतं, कारण झिजायला पेशीच फारशा उरत नाहीत. खरी गोष्ट अल्ब्युमिन आणि प्लेटलेट सांगत होते. दोन्ही घसरले होते. मामांचे पाय सुजले होते आणि पोट फुगलं होतं.

तुमच्या घरात कुणी पीत असेल तर रिपोर्ट दाखवायला त्याला एकटं पाठवू नका. सोबत जा, आणि रोज किती घेतो, तपासणीआधी किती दिवस बंद होती, हे डॉक्टरांना त्याच्यासमोरच सांगा.