एकशें पांच

सकाळीं सातच्या सुमारास आमच्या आळींतून शाळांच्या पिंवळ्या मोटारी एकामागून एक निघूं लागतात. कोणाचा डबा विसरतो, कोणाच्या बुटाची नाडी सुटते, कोणी फाटकाला मिठी मारून रडतो आणि कोणाची आई अर्धवट विंचरलेल्या केसांनीं वळणापर्यंत धांवत येते. आमच्या घरीं मात्र या वेळीं सामसूम असते. नात अंथरुणांत पालथी पडून कांहीं तरी वाचीत असते आणि नातू परसांत जास्वंदीखालीं मुंगळ्यांची रांग मोजीत बसलेला असतो. वयें अनुक्रमें आठ व सहा. दोघेंही शाळेंत जात नाहींत. कधीं गेलींच नाहींत. ज्यानें तेहतीस वर्षें फळ्यापुढें उभें राहून पोट भरलें, त्याच्याच घरांत हा प्रकार चालावा, याला काय म्हणावें हें वाचकांनींच ठरवावें. शेजाऱ्यांनीं तें केव्हांच ठरविलें आहे.

हा निर्णय आमच्या कन्येचा. जांवईबापू तिच्या मताबाहेर नाहींत, आणि एकंदर अनुभव पाहतां तें शहाणपणाचेंच आहे. थोरली सहा वर्षांची व्हावयास आली तेव्हां कन्येनें आम्हांस ही गोष्ट सांगितली; विचारली नाहीं. आम्हीं प्रथम कायद्याचा आधार घेतला. बालकांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ सालचा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलांत आहे, आणि सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास जवळच्या शाळेंत घालणें हें त्याच्या दहाव्या कलमानें आईबापांचें कर्तव्य ठरविलें आहे. कन्येनें शांतपणें उत्तर दिलें, “बाबा, तें कलम मींही वाचलं आहे. कर्तव्य लिहिलं आहे, शिक्षा लिहिलेली नाहीं. आणि चौदा वर्षं झालीं कीं मुक्त विद्यालयाची दहावीची परीक्षा देतां येते.” राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ सालीं निघाली, म्हणजे कन्येच्या जन्माच्याही आधीं, पण शिक्षणखात्यांत सारा जन्म घालवून आम्हांस तिची खरी माहिती झाली ती कन्येकडून.

मग आम्हीं इंग्रजी वाङ्मयाकडे धांव घेतली. जॉन स्टुअर्ट मिल्ल यास वडिलांनीं शाळेंत न घालतां घरींच तिसऱ्या वर्षीं ग्रीक व आठव्या वर्षीं लॅटिन शिकविण्यास आरंभ केला, आणि विसाव्या वर्षीं, १८२६ सालीं, त्या विद्वान् तरुणाचें मन असें खचलें कीं त्याला कशांतच राम वाटेना. ही हकीकत त्यानें स्वतःच आत्मचरित्रांत लिहून ठेविली आहे. वर्गांत हा भाग आम्ही मोठ्या रंगांत येऊन सांगतों. घरींही पूर्वीं कितीदां तरी सांगितला असावा. कन्या म्हणाली, “शाळा नव्हती म्हणून नव्हे, बाबा, घरांत वडील शिकवीत होते म्हणून.” स्वयंपाकघरांतून आमच्या कुटुंबाचें हसणें ऐकूं आलें आणि वाद तेथेंच मिटला. म्हणजे आम्ही गप्प बसलों.

तेव्हांपासून घरचें शिक्षण चालू आहे. त्याला घंटा नाहीं, वेळापत्रक नाहीं. सकाळीं दोन तास कन्या मुलांजवळ बसते व मग संगणकापुढें आपलें नोकरीचें काम उरकते, दुपार आजीची. वाण्याची यादी थोरली लिहिते, डाळतांदूळ धाकटा मापतो, आणि पावशेर म्हणजे अडीचशें ग्रॅम कसे यावरून त्याचा व आजीचा रोज नवा तंटा होतो. बाहेर जावयाचें तें लोक कामावर असतांना. मंगळवारीं अकरा वाजतां राजा केळकर संग्रहालयांत जावें आणि दिव्यांच्या दालनांत तासभर बसावें. मागून कोणी ढकलीत नाहीं. पाताळेश्वराच्या थंड खांबांमधून लपंडाव खेळावा, पर्वतीच्या पायऱ्या मोजीत चढाव्या. वर पोंचेपर्यंत दोघांचे आंकडे कधींच जुळत नाहींत. उपद्रव एकच. बसचा वाहक, फळवाली, संग्रहालयाचा रखवालदार, जो तो विचारतो, “आज सुटी कां गं?” थोरली पूर्वीं खरें सांगत असे. खऱ्या उत्तरानंतर मोठी उलटतपासणी होते हें ध्यानांत आल्यापासून ती नुसतें “हो” म्हणते. एवढें व्यवहारज्ञान कोणत्या इयत्तेंत शिकवितात हें आम्हांस ठाऊक नाहीं.

हें सर्व पाहून आमचें मन निवळलें असें मात्र कोणीं समजूं नये. आम्ही संधि शोधीत होतों, आणि ती गेल्या पावसाळ्यांत सांपडली. दर रविवारीं ओटीवर थोरलीला जवळ बसवून आम्ही तिची लहानशी तोंडी-लेखी परीक्षा घेऊं लागलों. वाचनांत ती आमच्या कित्येक पदवीधरांहून सरस निघाली. अंकांत मात्र गाडी अडली. “एकशें पांच लिही,” म्हटलें कीं ती ऐटींत लिही : १००५. दोनशें सात म्हणजे २००७. आम्हीं समजावलें, दरडावलें, खालीं लाल शाईची रेघ ओढली. पुढच्या रविवारीं पुन्हां १००५. चौथ्या रविवारीं पोरीच्या डोळ्यांतून टप्‌कन् पाणी वहीवर पडलें आणि लाल रेघ पसरली. तेवढ्यांत कन्या बाहेर आली. तिनें वही उचलली, पानें चाळलीं, आणि आवाज न चढवितां म्हणाली, “बाबा, तिला शिकवायचं असेल तर जरूर शिकवा. पकडायचंच असेल तर तुमच्या कॉलेजांत मुलं आहेत.”

हें वाक्य आम्हांस लागलें. लागण्याचें कारण असें कीं ही कन्या लहानपणीं आमच्याच हाताखालीं गणित शिकली, आणि शाळेंत पहिली येत असे. त्या वह्यांतही लाल शाई होतीच. तिला त्याचें कांहीं वाटत असेल असें आमच्या कधीं मनांतही आलें नव्हतें. पण राग हा विचाराच्या पुढें धांवतो. दुसऱ्या दिवशीं महाविद्यालयांतून परत येतांना आम्ही एका शाळेंत शिरलों, प्रवेशाचे दोन कोरे अर्ज घेतले, आणि ते घरीं आणून मेजाच्या खणांत कुलुपांत ठेविले. जूनपर्यंत थांबावयाचें व मग निकराचें बोलावयाचें, असा बेत होता. कन्येला कळविलें नाहीं. कुटुंबाला सांगितलें, तेंही नसतें सांगितलें तर बरें झालें असतें.

अशा मनःस्थितींत संक्रांत झाल्यावर एका मंगळवारीं किरकोळ रजा टाकून आम्ही सर्व नाणेघाटास गेलों. जुन्नरच्या पश्चिमेस सह्याद्रीची कड चिरून कोंकणांत उतरणारी ही जुनी व्यापारी वाट. सोपारा, कल्याण या बंदरांचा माल याच वाटेनें जुन्नरास व पुढें पैठणाकडे जाई. माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत असें सांगतात. तो पाहतांच धाकट्यानें आजीच्या बटव्यांतून एक रुपया मिळवून आंत टाकला, आणि पांच मिनिटांनीं रुपया परत हवा म्हणून हट्ट धरला. आजी म्हणाली, “जकात परत मिळत नसते.” मंगळवार असल्यामुळें आमच्याखेरीज तेथें फक्त वानरेंच होतीं. त्यांतील एकानें आमची गुळपोळ्यांची पिशवी पळविली, ही गोष्ट लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

खिंडीच्या पायऱ्यांनीं थोडें खालीं उतरलें कीं खडकांत कोरलेली एक खोली लागते. मागच्या भिंतीवर सातवाहन राजकुळांतील माणसांचे पुतळे होते. आतां पुतळे गेले. पावलांच्या खुणा आणि वर कोरलेलीं नांवें तेवढीं उरलीं आहेत. पुतळा जावा आणि नांव राहावें, यावर थोरलीनें बराच वेळ विचार केला. बाजूच्या दोन भिंतींवर राणी नागनिकेचा म्हणून प्रसिद्ध असलेला लांबलचक ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षांच्या ऊनपावसानें तो ठिकठिकाणीं झिजला आहे. कोणते यज्ञ केले व कोणास काय दक्षिणा दिली याची त्यांत यादी आहे. गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नांवाचीं नाणीं. आमच्या कुटुंबानें ऐकून घेतलें व ही वाण्याचीच यादी आहे असा अभिप्राय दिला.

या यादीमुळेंच तो लेख जगभर प्रसिद्ध आहे, कारण ब्राह्मी अंकांचे फार जुने नमुने त्यांत सांपडतात. एकोणिसाव्या शतकांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं या अंकांचा अभ्यास केला. आम्ही इंग्रजीचे अध्यापक; ब्राह्मीचें आमचें ज्ञान हौशीपुरतें. परंतु ग्रंथालयांतून लेखाच्या ठशाची एक छायाप्रत आणली होती, आणि ती भिंतीशीं ताडून पाहण्यांत आम्ही रमलों होतों. थोरली कोंपराखालून डोकावूं लागली. तिला आडवी एक रेघ म्हणजे एक, आडव्या दोन रेघा म्हणजे दोन, हें तात्काळ पटलें. मग आम्हीं चोवीस हजार चारशें कार्षापणांचा आंकडा तिला दाखविला. त्या पद्धतींत शून्य नाहीं. दहाची खूण निराळी, वीसची निराळी, शंभराची व हजाराची आणखी निराळी. हजाराच्या खुणेला वीसची खूण जोडली कीं वीस हजार. पुन्हां हजाराला चाराची जोडली कीं चार हजार. शंभराला चाराची जोडली कीं चारशें. तीन खुणा शेजारीं शेजारीं ठेविल्या म्हणजे झालें. जसें बोलावें तसें लिहावें.

“आणि एकशें पांच कसं लिहायचं?” तिनें विचारलें.

पांचाचा अंक या लेखांत आढळत नाहीं. तो नाशिकच्या लेण्यांतील लेखांवरून आम्हांस ठाऊक होता. आम्हीं काटकी घेतली, धुळींत शंभराची खूण काढली व तिच्यापुढें पांचाची.

पोर धुळीकडे पाहत राहिली. मग तिनें काटकी आमच्या हातांतून घेतली आणि आमच्या खुणांखालीं आपल्या अक्षरांत एक आंकडा लिहिला : १००. त्याच्यापुढें, किंचित् जागा सोडून, दुसरा : ५. तिनें वर पाहिलें. तिच्या चेहऱ्यावर विजय वगैरे कांहीं नव्हता. केवळ चौकशी होती.

“मग आजोबा, या राणीच्या वहीत पण तुम्ही लाल रेघ मारली असती कां?”

कुटुंबानें पदर तोंडाशीं नेला. कन्या कोंकणच्या बाजूला तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते असें आम्हांस वाटलें, पण वारा फार होता.

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. तेथेंच कोरीव बांकावर बसलों आणि स्थानाची गोष्ट सांगितली. हा एकाचा अंक कोणत्या घरांत उभा आहे त्यावरून त्याची किंमत ठरते, आणि मधलें घर रिकामें असेल तर रिकामेपणालाही एक खूण लागते, ही युक्ति माणसाला सुचावयास पुढें शतकें गेलीं. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरांत इ. स. ८७६ चा शिलालेख आहे, त्यांत २७० व ५० हे आंकडे थेट आपल्यासारखे शून्य देऊन कोरले आहेत. तिनें धुळींत १०५ लिहिलें आणि मधल्या शून्यावर काटकी टेकविली. “हें नुसतं जागा धरून बसलंय? एस्टींत रुमाल टाकतात तसं?” आम्हीं म्हटलें, अगदीं तसेंच. तेहतीस वर्षांत इतकी नेमकी उपमा आमच्या तोंडून निघाली नाहीं.

त्या दिवसापासून तिचें एकदांही चुकलें नाहीं, असें लिहितां आलें असतें तर गोष्ट रंगली असती. दोनदां चुकलें. पण “रुमाल कुठें आहे?” एवढें म्हटलें कीं ती हसून खोडते. आम्हांसच रात्रीं झोंप येईना. तपासलेल्या हजारों उत्तरपत्रिका डोळ्यांपुढून जाऊं लागल्या. त्यांतल्या किती चुका निव्वळ आळसाच्या होत्या आणि किती या नाणेघाटच्या जातीच्या, हें आतां कोण सांगणार? लाल रेघ दोहोंखालीं सारखीच ओढलेली.

धाकट्याविषयीं अजून लिहिलें नाहीं. परत येतांना वाटेवरच्या एका वाडींत मोटार चहासाठीं थांबविली. समोर जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा होती आणि आंतून सतराचा पाढा एका सुरांत चालला होता. आमचें पेय संपलें तरी धाकटा कोठें दिसेना. पाहतों तों शाळेच्या दाराशीं खांबाला टेकून उभा. गुरुजींनीं त्याला पाहिलें, नांवगांव विचारलें नाहीं, नुसता हात करून आंत बोलावलें. तो पहिल्या रांगेंत दोन मुलांच्या मध्यें जाऊन बसला. पाढा त्याला येत नव्हता. पण ओंठ हलत होते आणि “पंच्याऐंशी”ला सर्वांबरोबर त्याची मानही हलली. आम्ही सारीं बाहेर उभीं होतों. कन्येनें त्याला हांक मारली नाहीं. अर्ध्या तासानें तो तिळाची वडी चघळीत बाहेर आला व पुण्यापर्यंत एक शब्द बोलला नाहीं. संग्रहालय, पर्वती, लेणीं, सर्व आम्हीं त्याला दाखविलें. शेजारीं मांडीला मांडी लावून बसणारीं वीस मुलें मात्र कोणीं दाखविलीं नव्हतीं.

तेव्हांपासून तो रोज सकाळीं सातला मुंगळे सोडून फाटकाशीं उभा राहतो. पिंवळ्या मोटारी मोजतो. नऊ आहेत. दहाव्या दिवशीं त्यानें आईला स्पष्ट सांगितलें कीं ताईला घरीं राहावयाचें असेल तर राहूं दे, आपलें नांव घालावें.

परवां रात्रीं जेवणें झाल्यावर कन्या आमच्या खोलींत आली. बराच वेळ पुस्तकांच्या फडताळाशीं उभी राहिली. मग म्हणाली, “बाबा, त्याला हवं असेल तर त्याला पाठवायचं, हें मी पहिल्यापासून मनाशीं ठरवलं होतं. आई म्हणाली, तुमच्याकडे शाळेचे अर्ज आहेत. एक द्याल कां?”

सात महिने आम्ही या क्षणाची वाट पाहत होतों. आम्हीं मेजाकडे पाहिलें, सदऱ्याच्या खिशांतील किल्ली हातानें चांचपली, आणि किल्ली कोठें ठेविली तें आठवत नाहीं, असें तिला सांगितलें.