नीटनेटकेपणाची घाई

नीटनेटकेपणा हा सद्गुण आहे, ह्यांत संशय नाहीं. तथापि प्रत्येक सद्गुणास स्थळकाळाची मर्यादा असते. एक फुटकें कौल बदलावयास बोलाविलेल्या माणसानें सारीं कौलें उतरवून पुन्हा बसविलीं, तर छप्पर देखणें दिसेल. परंतु पहिल्या पावसांत तें गळूं लागल्यास दोष कोणत्या कौलाचा, हें कोण सांगणार? संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ह्या वर्षीं आम्हीं जें वारंवार सांगितलें, त्याचा मथितार्थ हाच आहे.

प्रोग्राम लिहिण्यासाठीं व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा २०१५ सालीं निघालेला एडिटर आज पुष्कळ विद्यार्थी वापरतात. त्यांत ‘फॉरमॅट ऑन सेव्ह’ नांवाची एक सोय आहे. ती मूळची बंद असते. परंतु एकदां चालू केली, म्हणजे फाइल सेव्ह करतांच तिच्यांतील साऱ्या ओळींची मांडणी आपोआप बदलते. सोबत २०१७ सालीं प्रसिद्ध झालेलें प्रेटियर हें साधन जोडलें असेल, तर ८० अक्षरांहून लांब ओळी शक्य तेथें तोडल्या जातात आणि एकेरी अवतरणचिन्हें दुहेरी होतात. स्वतःच्या नव्या लेखनांत ही मदत मोलाची आहे. दुसऱ्याकडून वारशानें आलेल्या जुन्या प्रोग्रामांत मात्र ती अडचणीची ठरते.

आमच्या शाळेंत निकालपत्रकें तयार करणारा असा एक जुना प्रोग्राम आहे. तो लिहिणारे सहकारी आतां सेवानिवृत्त झाले आहेत. त्यांतील टक्केवारीची एक ओळ सुधारण्याचें काम आम्हीं एका हुशार विद्यार्थ्याकडे सोंपविलें. त्यानें ती अचूक सुधारली. परंतु जुन्या व नव्या प्रतींची तुलना करून पाहतों, तों ६१२ ओळी बदललेल्या! “सर, मीं तर एकाच ओळीला हात लावला,” असें तो काकुळतीनें म्हणाला, आणि तें खरेंच होतें. बाकीचा पराक्रम त्या सोयीचा होता.

निकालाच्या प्रोग्रामांतील प्रत्येक बदल दुसऱ्या शिक्षकानें वाचल्यावांचून स्वीकारावयाचा नाहीं, असा आमचा नियम आहे; कारण तेथील एका चुकीनें एखाद्या मुलाचें वर्ष वायां जाईल. ६१२ ओळींच्या गर्दींत खरा बदल कोण शोधणार? आम्हीं ती प्रत बाजूस ठेवून, ही सोय बंद करून काम पुन्हा करावयास सांगितलें. ह्या खेपेस तुलनेंत एकच ओळ दिसली.

पुढें तो शेजारची एक ओळ दाखवून म्हणाला, “ही निरुपयोगी दिसते, काढूं का?” लिनस टोरव्हाल्ड्स ह्यांनीं २००५ सालीं निर्माण केलेल्या गिटमध्यें ‘ब्लेम’ ही आज्ञा आहे. प्रत्येक ओळ शेवटीं कोणीं व केव्हां बदलली, हें ती दाखविते. तिच्या साह्यानें आमच्या सहकाऱ्यांची २०१४ सालची टीप सांपडली: आजारामुळें परीक्षेस मुकलेल्या मुलाचे गुण शून्य धरले जाऊं नयेत, म्हणून ती ओळ घातली होती. पहिली प्रत स्वीकारली असती, तर त्या ओळीपुढें ह्या विद्यार्थ्याचेंच नांव दिसलें असतें, आणि जुनी टीप मागें दडून राहिली असती.

उपाय सोपा आहे. एडिटरच्या सेटिंग्जमध्यें ‘यूजर’ व ‘वर्कस्पेस’ असे दोन भाग असतात. त्यांपैकीं ‘वर्कस्पेस’मध्यें ह्या सोयीपुढील खूण काढावी, म्हणजे ती त्या कामापुरती बंद होते व इतरत्र चालू राहते. ओळीअखेरची मोकळी जागा पुसणारी ‘ट्रिम ट्रेलिंग व्हाइटस्पेस’ ही सोयही तशीच बंद ठेवावी. मार्कडाउन पद्धतीच्या लेखांत ओळीअखेरच्या दोन मोकळ्या जागा म्हणजे ‘येथें ओळ तोडावी’ अशी खूण असते. ती पुसली, तर दोन ओळी एक होतात.

जुना प्रोग्राम कधींच आवरूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. आवरावयाचा असेल तेव्हां तेवढेंच काम करावें व त्याची गिटमध्यें स्वतंत्र नोंद करावी. २०१९ सालच्या २.२३ ह्या आवृत्तीपासून अशी नोंद वगळून ‘ब्लेम’ पाहतां येतें. परंतु दुरुस्ती आणि आवराआवर ह्यांची एकत्र खिचडी करूं नये. शाळेच्या जुन्या प्रोग्रामांवर काम करणाऱ्या प्रत्येकानें आधीं ती एक खूण काढावी, आणि मगच कळफलकास हात लावावा, अशी आमची विनंती आहे.