सावलीतला तिखुर

भद्रावतीला केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनास गेलेला यात्रेकरू बहुधा कोळशाच्या खाणी आणि धुळीचे रस्ते पाहून परततो. तेथून पूर्वेकडे मूलमार्गे वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरले, की भूमीचे रूप पालटते. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू यांची ही राने चैत्र-वैशाखात उघडी पडतात. पायाखाली पाचोळा करकरतो. अशाच कोरड्या मातीतून, पाने फुटण्याआधीच, तिखुराचा तुरा वर येतो. शेंड्याची पुष्पपत्रे गुलाबी-जांभळी आणि खालच्या हिरवट ओंजळींत इवली पिवळी फुले. दुरून पाहणाऱ्यास सबंध तुराच एक फूल वाटतो.

हळदीच्या कुळातल्या या वनस्पतीला हे धाडस परवडते ते कंदातल्या साठ्यामुळे, आणि तिच्यावरचे संकटही त्याच कंदामुळे ओढवते. हिवाळ्यात पाने वाळली की मध्य भारतातील आदिवासी कुटुंबे तो खणतात, ठेचून पाण्यात पुन्हा पुन्हा धुतात आणि तळाशी बसलेले शुभ्र सत्त्व वाळवतात. कोंबाचा तुकडा मातीत परत ठेवला तर पुढल्या वर्षी रोप उभे राहते. सगळेच उपसले तर जागा रिकामी होते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. तेथे रानाचे निर्णय ग्रामसभा एकमताने घेते. हौसेने आलेल्या पाहुण्याने रानातून कंद उचलून नेणे म्हणूनच अयोग्य. ताडोब्यासारख्या संरक्षित वनात तर तो गुन्हाच.

बागेसाठी लागवडीतला कंद मिळवावा. आंब्याखालची किंवा पूर्वेकडील भिंतीलगतची, सकाळचे कोवळे ऊन मिळणारी जागा त्यास मानवते. पालापाचोळ्याचे खत मिसळलेल्या, पाणी न साचणाऱ्या मातीत उन्हाळ्याच्या अखेरीस दोन-तीन बोटे खोल, कोंब वर ठेवून कंद लावावा. पहिल्या वर्षी फुलाची अपेक्षा धरू नये. पावसाळाभर अरुंद, लांब पाने डोळे निववतात.

खरी कसोटी मार्गशीर्षात येते. पाने पिवळी पडून गळतात, कुंडी मोकळी दिसते. माळी दयेपोटी पाणी घालत राहतो आणि झोपलेला कंद कुजतो. पाने गळताच पाणी थांबवावे, आणि कुणी ती कुंडी रिकामी समजून उलटू नये म्हणून तिच्यावर ठळक अक्षरांत नाव लिहून ठेवावे.