बॅज, पडताळणी आणि झोप

दादा येरवड्यातून सुटला, त्यानंतर काही महिने मी त्याला दर रविवारी एका बैठकीला घेऊन जायचो. सुटून आलेली माणसं तिथं एकमेकांना आधार देतात. बैठक चालवते एक समाजसेविका ताई. मी लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसायचो. कुणाचं आधार अपडेट, कुणाचं केवायसी. सगळे पुरुषच. देशातल्या कैद्यांत बायका शंभरात चारेक. बाकीच्यांचा तुरुंगाशी संबंध येतो तो मुलाखतीच्या रांगेत.

ताई समोर असल्या की ही माणसं बोलायची, रडायचीही. मला कौतुक वाटायचं. एका रविवारी ताई आल्या नाहीत, आणि दोन तास रिक्षाचा बॅज, पोलिसांची चारित्र्य पडताळणी आणि ती न मागता काम देणारे ठेकेदार, एवढंच चाललं. म्हणजे ऐकून घेणं हे बाईचं काम, ही विभागणी इथंही होतीच. (आमच्या टीममध्येही राजीनामा द्यायच्या आधी सगळे जिच्यापाशी मन मोकळं करतात, ती कुणाची मॅनेजर नाही.)

निघताना, चपला घालता घालता, एकानं विचारलं, "झोप लागते का रे?"

"लाइट बंद केला की नाही लागत," दादा म्हणाला.

बराकीत रात्रभर दिवा जळतो. चार वर्षांची सवय. मी लाइटबिलावरून त्याला दोनदा बोललो होतो.

इथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण तोंड उघडलंच होतं, तर दादानं दुसरंही काढलं. वहिनी पोळीभाजी केंद्राचे पैसे त्याच्या हातात देत नाही. यावर मात्र सगळ्यांचं एकमत. हिशेब हातात घे, नाहीतर घरात किंमत राहत नाही. सांगणारा तोच, झोपेचं विचारणारा. आवाजात मायाही तीच.

दादा आत असताना त्याला मनीऑर्डर जायची ती याच हिशेबातून. मला ते माहीत होतं. मी बोललो नाही. शिक्षा न भोगलेला मी एकटाच, आपण काय सांगणार, अशी स्वतःची समजूत घातली. खरं तर ते मला 'सर' सोडून नुकतेच 'भाऊ' म्हणायला लागले होते, आणि ते मला आवडत होतं.

घरी वहिनीनं विचारलं, "काय झालं आज?"

"काही नाही, बॅजचं."

जेवणं झाल्यावर तिनं पॅसेजमधला दिवा तसाच चालू ठेवला. कधीपासून ठेवत होती कुणास ठाऊक. दादा विचारत होता, हिशेबाची वही कुठंय.