फरकोटाची मागणी

व्हित्तोरिओ दे सिकाचा ‘मिरॅकल इन मिलान’ मी कॉलेजात असताना मुंबईत, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला. १९५१ चा हा सिनेमा १९५२ साली, भारतातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात ‘बायसिकल थीव्ज’बरोबरच मुंबईत आला होता. सायकल शोधणारे बापलेक अजरामर झाले. ‘मिरॅकल’चा नायक, कोबीच्या वाफ्यात सापडलेला तोतो मागे राहिला. माझा जीव मात्र तोतोवरच जडला. ऐन थंडीत ढगांतून उन्हाचा एकच कवडसा पडतो आणि अख्खी झोपडपट्टी त्यात उभी राहायला धावते, तेव्हा मी पोट धरून हसलो होतो.

पुढे तलासरीत शिक्षक झालो. डिसेंबरच्या सकाळी पाड्यावरची पोरं भिंतीला पाठ लावून ऊन खाताना दिसायची. त्या प्रसंगातला गारठा मला तिथे कळला.

बऱ्याच वर्षांनी सीडीवर तो सिनेमा पुन्हा पाहिला. वस्तीखाली तेल सापडतं. जागेचा सौदा करता करता दोन शेठ चक्क भुंकू लागतात. त्या दिवसांत आमच्याकडे बुलेट ट्रेनसाठी जमिनीची मोजणी चालली होती. टपरीवर सातबारा, गुंठा आणि मोबदला, याशिवाय बोलणं नव्हतं. या वेळी हसू आलं, पण बेतानंच.

आता मला सर्वांत आवडतं ते सिनेमातलं तोतोचं कबूतर. जो जे मागेल ते ते देतं, तर ही फाटकी माणसं फरकोट मागतात, उंच टोप्या मागतात, एकमेकांवर कुरघोडी करत लाखांवर लाख मागतात. दे सिका आणि लेखक झावात्तिनी त्यांना संत करत नाहीत.

आमच्याकडे मात्र, शेजारच्या डहाणूला समुद्र आणि चिकूच्या वाड्या बघायला आलेले पाहुणे म्हणतात, ‘किती साधी, समाधानी माणसं!’ गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेलेली वारली चित्रं आता कपबशांवर आली आहेत. त्यांवरची माणसं सदा फेर धरून नाचत असतात. पण १९४५ साली तलासरीजवळ झरीला जमून ज्यांनी वेठबिगारी नाकारली, ते वारली समाधानी असते तर आले कशाला असते? गरिबाच्या हव्यासाचं कौतुक करायला धाडस लागतं. ते या विनोदी सिनेमात आहे.

परवा वर्गात विचारलं, काय हवं? एक मुलगा म्हणाला, “सर, बुलेट.”

“ट्रेन?”

“ती तलासरीत थांबणार कुठं? मोटरसायकल हो!”

तोतोच्या कबुतरानं ती लगेच दिली असती, वर हेल्मेटही.