अवलंबून म्हणजे शून्य नव्हे

"आई, तू झोप. हे तुला नाही जमायचं," समीर वैतागून म्हणाला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सकाळी त्याचा इंजिनिअरिंगचा राहिलेला पेपर होता. एकच गणित तो चौथ्यांदा सोडवत होता. त्याचे उत्तर येई २.२५ अँपिअर, पुस्तकात होते १.५.

दुधाचा पेला ठेवता ठेवता मी वहीत डोकावले. लग्नापूर्वी मीही विजेचा डिप्लोमा केला होता. समीर झाला, नोकरी सुटली आणि पुढे त्याची आठवण घरात कुणालाच राहिली नाही. मलासुद्धा!

आकृतीत १२ व्होल्टची बॅटरी होती. तिच्यापुढे ओळीने ३ आणि १ ओहमचे रोध, त्या दोहोंच्या मध्ये येऊन मिळणारा ३ अँपिअरचा प्रवाह-स्रोत आणि शेवटी बॅटरीला विरोध करणारा एक अवलंबी स्रोत. बॅटरीतून जितके अँपिअर निघतील, त्याच्या दुप्पट व्होल्ट त्याचे. बॅटरीचा प्रवाह काढायचा होता. सुपरपोझिशनची रीत अशी, की एका वेळी एकच स्रोत चालू ठेवायचा, दुसरा बंद करायचा आणि शेवटी उत्तरांची बेरीज घ्यायची. समीरने अवलंबी स्रोतही बंद केला होता.

"याला का काढलंस?"

"तो दुसऱ्यावर अवलंबून आहे ना! त्याचं स्वतःचं काय आहे?"

"एकटा तो काही करणार नाही, हे खरं. पण प्रवाह सुरू झाला की तो आपलं काम करतोच. दोन्ही वेळा त्याला जागेवर राहू दे."

त्याने पुन्हा मांडले. नुसती बॅटरी असताना २ अँपिअर आले. बॅटरीच्या जागी साधी तार जोडून नुसता प्रवाह-स्रोत ठेवला, तेव्हा उलट दिशेने ०.५. बेरीज बरोबर १.५! तो माझ्याकडे पाहतच राहिला.

टेबलावर ह्यांच्या ऑफिसचा विम्याचा फॉर्म पडला होता. माझ्या नावापुढे ह्यांनी लिहिले होते, 'अवलंबित. उत्पन्न शून्य.'

सकाळी निघताना समीर पाया पडला. म्हणाला, "आई, पुढची प्रकरणंही शिकवशील?"

ह्यांनी पेपरातून डोके वर काढले. "कोण शिकवणार?"

"आई!"

मी फॉर्मवर सही करून तो ह्यांच्या हातात दिला. शून्य खोडले नाही. पैशापुरते ते खरेच होते. पण दुपारी माळ्यावरची ट्रंक उतरवून माझ्या जुन्या वह्या मात्र बाहेर काढल्या.