सरफोजीराजांचे जर्मन गुरुजी

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना वाटेत पापनाशम लागते. चहूकडे भातशेती, गावात १०८ शिवलिंगांचे देऊळ आणि नायक राजांच्या काळातले प्रचंड धान्यकोठार. पण कावेरीच्या या सुपीक मुलखालाही उपासमार चुकली नाही. १७८१च्या सुमारास हैदरअलीच्या स्वारीने शेते ओस पडली. तंजावरच्या किल्ल्यात माणसे भुकेने मरू लागली. पूर्वीचे पैसे बुडाल्यामुळे शेतकरी धान्य आणायला बैल देईनात. अखेर एका जर्मन पाद्र्याने दाम चुकते करण्याचा शब्द दिला आणि बैल आले.

हे पाद्री म्हणजे ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ. १७५० मध्ये ते भारतात आले. तमिळबरोबरच दरबाराची मराठीही शिकले. तंजावरात त्यांनी चर्च बांधले, शाळा काढली. तिथे हिंदू मुलेही इंग्रजी शिकत.

१७८७ मध्ये तुळजाराजांनी मृत्यूपूर्वी दत्तकपुत्र सरफोजीचा हात त्यांच्या हाती दिला. चुलते अमरसिंग गादीवर बसले आणि मुलाची आबाळ सुरू झाली. श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे दाद मागितली. १७९३ मध्ये सरफोजींना शिक्षणासाठी मद्रासला हलवण्यात आले. १७९८ मध्ये ते राजे झाले, पण गुरुजी त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. पुढच्याच वर्षी राज्यकारभार इंग्रजांकडे गेला. उरलेले आयुष्य राजांनी विद्येला वाहिले. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, देवनागरी छापखाना घातला. मात्र धर्म बदलला नाही. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये त्यांनीच भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला.

श्वार्ट्झ यांच्या शाळेच्या परंपरेतून पुढे तंजावरचे सेंट पीटर्स कॉलेज उभे राहिले. ते कालांतराने बंद पडले, पण सेंट पीटर्स शाळा टिकली. तिरुचिरापल्लीत त्यांनीच लावलेल्या रोपट्याची परंपरा सांगणारे बिशप हेबर कॉलेजही मध्यंतरी बंद होते. ते १९६६ मध्ये पुन्हा सुरू झाले. ज्यांचे नाव त्याला दिले, ते बिशप हेबर १८२६ मध्ये सरफोजींना भेटले होते.

तंजावरला गेलात तर मोठे देऊळ पाहून झाल्यावर शिवगंगा बागेजवळच्या श्वार्ट्झ चर्चमध्येही डोकवा. सरफोजींनी इंग्लंडचे शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतलेले संगमरवरी शिल्प तिथे आहे. मृत्युशय्येवरच्या गुरुजींचा हात मराठी राजाने हाती घेतला आहे.